टीटी म्हणजे काय? – नसलेल्या गोष्टींचे बसथांबे

हरवलेला_पास

गेल्या आठवड्यात बाबांना (वय ८२) सायनहून परळला दवाखान्यात न्यायचं होतं. टॅक्सी मागवली. बाबा पुढे बसले, कारण ड्रायव्हरला रस्ता दाखवायचं काम त्यांनी कधी कुणावर सोडलेलं नाही. "टीटीला पुलावरून नको, खालून घे," त्यांनी फर्मावलं. ड्रायव्हर विशीतला पोरगा. म्हणाला, "टीटी मतलब? ट्रेनवाला टीटी?"

मी मागे बसून हसलो. मग लक्षात आलं की मलाही माहीत नाही. अठ्ठेचाळीस वर्षं दादर टीटी म्हणतोय, टीटीला बस बदलली, टीटीला भांडलो, बायकोला पहिल्यांदा भेटलो तेही टीटीलाच. पण ही दोन अक्षरं कशाची, हे कधी विचारलंच नाही. बाबांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं की विचारू नका. "ट्राम टर्मिनस. एवढंही माहीत नाही?"

ट्राम १९६४ ला बंद झाली, म्हणजे माझ्या जन्माच्या कितीतरी आधी. ट्राम गेली, रूळ गेले, वर उड्डाणपूल आला, बसच्या पाटीवर 'खोदादाद सर्कल' लागलं, आणि तरी अख्खी मुंबई टीटीलाच उतरते.

तर प्रश्न असा: बसमधून उतरताना तुमच्या तोंडी अजून असलेली, पण जागेवर नसलेली अशी कुठली ठिकाणं आहेत? आणि पाटीवरचं नवं नाव तुम्ही खरंच वापरता का?

---

खिडकीजवळची

काळा घोडा! घोड्याचा पुतळा १९६५ लाच हलवला, राणीच्या बागेत आहे. आम्ही मात्र घोड्याला उतरतो.

---

उलटी_छत्री

भायखळ्याचा खडा पारशी, तो पुतळा.

---

फणसगरे

@उलटी_छत्री, खडा पारशी कुठेही गेलेला नाही हो. दोन उड्डाणपुलांच्या बेचक्यात उभाच आहे. २०१४ च्या सुमारास डागडुजीही झाली. बसमधून दिसत नाही एवढंच. पुलावरून गेलं की तो खाली, आणि खालून गेलं की आपलं लक्ष सिग्नलकडे.

---

उलटी_छत्री

अरेच्चा. बिचाऱ्याला जिवंतपणी श्रद्धांजली वाहिली की मी. क्षमस्व, पारशीबुवा.

---

डबलडेकर७७

धागा मस्त. धोबी तलाव, सी. पी. टँक, गोवालिया टँक, ही सगळी बुजवलेल्या तळ्यांची नावं. आमच्या घरात तर "पाणी नाही तिथे टँक, आणि पाणी तुंबतं तिथे हिंदमाता" असा एक घरगुती विनोद आहे.

चर्चगेटचं तर विचारूच नका. किल्ल्याचं दार होतं ते, सेंट थॉमस चर्चकडे जाणारं. १८६० च्या दशकात तटबंदी पाडली तेव्हा दारही गेलं. दीडशेहून जास्त वर्षं आपण रोज नसलेल्या दारातून आत-बाहेर करतोय.

---

अण्णा_माटुंगा

हरवलेला_पास, तुमच्या बाबांना नमस्कार सांगा. मी त्यांच्याहून अकरा वर्षांनी लहान, पण शेवटची ट्राम पाहिलेला.

३१ मार्च १९६४. मी दहा वर्षांचा. रात्री दहाच्या सुमाराला बोरीबंदरहून निघालेली ती शेवटची गाडी दादरला यायची होती. वडील मला आणि धाकट्या भावाला घेऊन टीटीच्या अलीकडे फूटपाथवर उभे. गणपती बघायला जमावी तशी गर्दी, फक्त वाजंत्री नाही. भाऊ वडिलांच्या खांद्यावर, मी कुणाच्या तरी कोपराखाली. ट्राम आली तेव्हा आधी दिसली ती माणसंच. पायरीवर माणसं, दांड्याला माणसं, खिडकीतून बाहेर काढलेले हात. ट्राम अशी दिसलीच नाही फारशी. घंटा मात्र ऐकू आली. ड्रायव्हर पायाने दाबून वाजवायचा ती. त्या रात्री तो ती सोडतच नव्हता.

वडील रोज ट्रामने जायचे ते स्वस्त पडायचं म्हणून. त्यात प्रेमबिम काही नव्हतं. "बसला पैसे जास्त पडतील" एवढंच ते घरी येताना म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळेला निघाले आणि पाच मिनिटांत परत आले. सवयीने ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभे राहिले होते.

बेस्टमधला 'टी' पूर्वी ट्रामवेजचा होता, हेही नव्या लोकांना माहीत नसतं. आता तो ट्रान्सपोर्टचा. म्हणजे अक्षरही बदलावं लागलं नाही, आतला माणूस तेवढा बदलला.

---

निवांत_बसलोय

अण्णा, कमाल प्रतिसाद. पण दुसऱ्या दिवशी १ एप्रिल होता ना? अर्ध्या मुंबईला वाटलं असेल, गंमत करताहेत.

---

अण्णा_माटुंगा

@निवांत, आमच्या चाळीत एक जण खरोखर तसं म्हणाले होते. ते वर्षभर म्हणत राहिले.

---

मोगरा_परळ

माझी मावशी फणसवाडीत राहते. भाचा कर्जतहून पहिल्यांदाच एकटा तिच्याकडे निघालेला. तिने फोनवर सांगितलं, "मेट्रोला उतर, तिथून चालत ये." हा शहाणा मुलगा. मेट्रोत बसला. आता प्रश्न पडला की कुठल्या स्टेशनला उतरायचं. परत फोन. मावशी म्हणते, "अरे कुठल्या म्हणजे? मेट्रो एकच आहे!" तो म्हणतो, "मावशी, मी मेट्रोतच आहे." ती म्हणते, "मग सिनेमा संपला की ये."

(ज्यांना कळलं नाही त्यांच्यासाठी: धोबी तलावचं मेट्रो सिनेमागृह, १९३८ पासूनचं. बसवाल्यांचं मेट्रो म्हणजे ते. जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रोचा त्या भागातला टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला आणि मावशीची पंचाईत झाली. शेवटी काळबादेवी स्टेशनला उतरून आला तो.)

---

खिडकीजवळची

:)) "सिनेमा संपला की ये" हे आता आमच्या घरी चालू झालंय.

---

सांगलीची_सून

मला उलटा अनुभव. १९९६ ला लग्न होऊन मुंबईत आले. सासूबाईंनी सांगितलं, ऑपेरा हाऊसची बस पकड. मी थांब्यावर उभी राहून प्रत्येक बसची पाटी नीट वाचतेय. ऑपेरा हाऊस कुठेच नाही. एक बस आली, 'पं. पलुस्कर चौक'. ती सोडली. दुसरी आली, तीही पं. पलुस्कर चौक. तीही सोडली. मनात म्हटलं, आमच्या कुरुंदवाडचे पलुस्करबुवा मुंबईत चौक होऊन बसलेत, आनंद आहे, पण मला ऑपेरा हाऊसला जायचंय!

शेवटी रांगेतल्या एका आजींनी विचारलं, "बाळ, तू कुणाची वाट बघत्येस?" आणि मला हाताला धरून तिसऱ्या पलुस्करांत बसवलं.

मग हळूहळू शब्दकोश पाठ झाला. अहिल्याबाई होळकर चौक म्हणजे चर्चगेट. राणी लक्ष्मीबाई चौक म्हणजे सायन. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौक म्हणजे म्युझियम. महात्मा फुले मंडई म्हणजे क्रॉफर्ड मार्केट. वीर कोतवाल उद्यान म्हणजे प्लाझा. बसची पाटी वाचणारा मुंबईत नवा, आणि कंडक्टरला विचारणारा जुना, असं माझं मत झालंय.

---

काळाचौकीकर

नावांवर हसताय ते ठीक, पण एक गोष्ट नीट बोलू. कुणीतरी 'फ्लोरा फाउंटन' म्हणेल त्याआधीच सांगतो. तिथे २१ नोव्हेंबर १९५५ ला संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चावर गोळीबार झाला, माणसं पडली. त्या जागेला हुतात्मा चौक म्हणायचं. तिथे सवयीचं कारण मी ऐकून घेत नाही.

---

डबलडेकर७७

@काळाचौकीकर, मान्य. पण माझे आजोबा त्या लढ्यात तुरुंगात गेले होते आणि मरेपर्यंत 'फाउंटनला जाऊन येतो' म्हणायचे. त्यांना काय सांगणार?

---

काळाचौकीकर

त्यांना काही सांगायचं नाही. त्यांना नमस्कार करायचा. तुम्हाला सांगतोय.

---

डबलडेकर७७

भापो (भावना पोचल्या). हुतात्मा चौक.

(पण बघा, तिथे नाव रुजलंच ना. माझी मुलगी फाउंटन म्हणतच नाही. आता मेट्रोचं स्टेशनही हुतात्मा चौक. जे नाव लोकांना मनापासून हवं असतं ते तोंडात बसतं. बाकी ठिकाणी पाटी बदलते आणि बोलणारा तोच राहतो.)

---

फणसगरे

व्हीटीचं काय मग? १९९६ ला सीएसटी, २०१७ ला सीएसएमटी. आमच्या घरी तीन पिढ्या. आजी बोरीबंदर म्हणायची, आई व्हीटी, मी सीएसटी, मुलगा सीएसएमटी. कुठे उतरायचं यावरून वाद नाही, काय म्हणायचं यावरून जेवण थंड.

---

निवांत_बसलोय

तीन पिढ्या म्हणालात आणि चार मोजल्यात.

---

फणसगरे

बघा, मोजणी चुकेल इतकी नावं झालीत.

---

शून्य_शिल्लक

मी इथे सर्वात लहान असेन (२६). थोडं कडू बोलतो, दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

तुम्ही सगळे जुन्या बसचं बोलता तेव्हा सगळ्यांना जागा मिळालेली असते. सगळे खिडकीजवळ, वरच्या मजल्यावर, समोर मरीन ड्राइव्ह, १२३ नंबरची डबलडेकर, केस उडताहेत. मग उभं कोण होतं? माझी आई दोन हजारच्या सुमारास दोन पिशव्या आणि मला घेऊन उभ्याने जायची. ती कधीच म्हणत नाही की काय ते दिवस. ती म्हणते एसी बस बरी, पाठ भिजत नाही.

मला ॲपवर दिसतं बस कुठे आहे ते. तोपर्यंत सावलीत चहा पितो. हे तुमच्या काळात नव्हतं. आणि नावांचं म्हणाल तर मी फोनमध्ये जे लिहिलंय तेच म्हणतो.

---

खिडकीजवळची

@शून्य_शिल्लक, माझा आयडीच खिडकीजवळची आहे, त्यामुळे गुन्हा कबूल. :)

---

डबलडेकर७७

माझ्या तर आयडीतच डबलडेकर आहे. पण खरं सांगू? मी वरच्या मजल्यावर बहुतेक वेळा जिन्यातच उभा असायचो. कंडक्टर "जिन्यात उभं राहू नका" ओरडायचा आणि मी प्रत्येक वेळी एक पायरी वर सरकायचो. पंधरा वर्षांत वर पोचलो असेन.

१९३७ ला आल्या डबलडेकर. जुन्या डिझेलवाल्यांची प्रवासी फेरी १५ सप्टेंबर २०२३ ला संपली. लोक हार घेऊन आले होते. नव्या विजेवरच्या, एसीवाल्या त्याच वर्षी फेब्रुवारीपासून धावायला लागल्या. एकदा बसलो. खिडकी उघडत नाही. गार, स्वच्छ, शांत. तक्रार करायला काहीच नाही, आणि तरी मी दोन थांबे आधी उतरून चालत गेलो.

---

अण्णा_माटुंगा

शून्य_शिल्लक, तुमच्या आईंचं बरोबर आहे. माझी पत्नीही हेच म्हणते. पण ॲपवर बस दिसते हा आनंद पुरता घ्या आणि मग बसची संख्याही बघा. बेस्टच्या मालकीच्या गाड्या वर्षागणिक कमी होत गेल्या आणि कंत्राटावरच्या वाढल्या. २०१९ मध्ये किमान भाडं पाच रुपये केलं तेव्हा लोक परत बसकडे वळले होते. ९ मे २०२५ पासून ते दहा झालं, एसीला बारा. दहा रुपये आजही फार नाहीत. पण दहा रुपये देऊन बस यायला तर हवी.

आता योगायोग बघा. ९ मे हीच मुंबईत पहिली ट्राम धावल्याची तारीख. १८७४, घोड्यांची ट्राम, एक मार्ग कुलाबा ते पायधुणी. भाडेवाढ करायला तोच दिवस सापडला.

---

शून्य_शिल्लक

अण्णा, हे मात्र पटलं. भाड्याच्या बाबतीत माझा आयडी बोलतोच.

---

मॉडरेटर_नाही

विषयांतर होतंय. भाडेवाढीवर वेगळा धागा काढा, इथे थांबे राहू द्या.

---

उलटी_छत्री

तुमचं नाव 'मॉडरेटर नाही' आहे ना?

---

डिलाईलरोड

माझ्या आयडीत आहे तो रस्ता कधीचा ना. म. जोशी मार्ग झालाय. पूल २०१८ ला बंद झाला आणि २०२३ ला पुरता उघडला, तरी सगळ्या बातम्यांत 'डिलाईल रोडचा पूल'च. त्यामुळे मला आयडी बदलायची गरज वाटली नाही.

मूळ प्रश्नाचं उत्तर देतो. माझे वडील गिरणीत, साच्यावर. आमच्याकडे थांब्याला नाव नव्हतंच, गिरणीला नाव होतं. "मिलला उतर." कुठली मिल ते विचारायचं नाही, ज्याची त्याची एकच. साडेतीनला पाळी सुटायची. भोंगा झाला की रस्ता दोन मिनिटांत भरायचा. एक पाळी बाहेर, एक आत, आणि मधे बस अडकलेली. ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरायचा, कुणीतरी त्याला तंबाखू मळून द्यायचं. कुणी हॉर्न वाजवत नसे. वाजवून करणार काय? समोर हजारभर माणसं, सगळ्यांच्या केसांत कापूस.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर बसली. मी सातवीत होतो. त्या वर्षी मला पहिल्यांदा कळलं की साडेतीनची बस वेळेवर येऊ शकते. रिकामी यायची. आत चार माणसं, कंडक्टर पुढच्या सीटवर बसलेला. आम्ही पोरं खूश होतो, खिडकी मिळते म्हणून. वडील त्या बसने जात नसत. दाराशी उभे राहून ती जाताना बघायचे आणि आत यायचे.

आता तिथे टॉवर आहे. गिरण्यांच्या जागांवर मॉल, कचेऱ्या, काचेच्या इमारती. संध्याकाळी सहाला परत तेवढीच गर्दी रस्त्यावर येते, गळ्यात पट्टे, कानात बोंडं. बस आजही मधे अडकते. फरक एवढाच की आता सगळे हॉर्न वाजवतात.

मागच्या दिवाळीत त्याच थांब्यावर कंडक्टर ओरडला, "मिलवाले उतरा!" तरुण होता. त्याने मिल पाहिलेली असणं शक्यच नाही. उतरलो आम्ही दोघंच, मी आणि पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेली एक मुलगी. ती निमूट उतरली, म्हणजे तिलाही मिल माहीत होती.

---

मोगरा_परळ

_/\_ हे वाचून काही लिहवत नाही.

---

काळाचौकीकर

डिलाईलरोड, आमच्याकडेही हेच. केसातला कापूस. आई दारातच झटकायला लावायची.

---

पुण्याहून_आलेला

पाहुणा आहे, दोनच ओळी. पुण्यात २००७ पासून बससेवेचं नाव पीएमपीएमएल आहे, पण एकही माणूस 'पीएमपीएमएलने आलो' म्हणताना मला भेटला नाही. पीएमटीच. आता मंडईखाली मेट्रोचं स्टेशन झालंय, तरी माझे काका म्हणतात, "मंडईत खाली काही नसतं, वर बघ."

---

निवांत_बसलोय

पीएमपीएमएल म्हणेपर्यंत बस निघून जाते, म्हणून.

---

कंडक्टरची_मुलगी

बरेच दिवस फक्त वाचते. आज आयडीमुळेच लिहावं लागतंय.

आमचे बाबा १९६८ ते १९९९ बेस्टमध्ये कंडक्टर. घरात त्यांच्या नोकरीच्या तीन वस्तू दिसायच्या: बिल्ला, चामड्याची पिशवी आणि हाताच्या अंगठ्यावरचा घट्टा. घट्टा पंचचा. दिवसभर तिकिटाला भोक पाडून आणि मधल्या वेळात नुसतंच टिकटिक वाजवून. ते वाजवणं सवयीचं नव्हतं. त्याचा अर्थ असायचा 'कुणी राहिलंय का?' बाबा म्हणायचे, गर्दीत ओरडलं की लोक चिडतात, टिकटिक केलं की हात आपोआप खिशात जातो.

तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत किमतीनुसार वेगवेगळ्या रंगांचे गठ्ठे. फेरी संपली की वेबिल भरायचं, डेपोत हिशेब द्यायचा. पैसे कमी पडले तर खिशातून. म्हणून आमच्या घरी सुट्या पैशांचे मनोरे रचण्यात सगळे तरबेज. मी चौथीत असताना दहा-दहाच्या चळती डोळे मिटून लावायचे.

आता मुद्द्याचं. बाबांना थांबे दोन भाषांत पाठ होते, पाटीची भाषा आणि माणसाची भाषा. नवीन नाव आलं की ते घरी मोठ्याने म्हणून बघायचे. जमलं नाही तर म्हणायचे, "हे हलत्या गाडीत ओरडता येणार नाही." त्यांची एवढीच कसोटी होती. 'डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी चौक' म्हणेपर्यंत म्युझियम मागे पडतं. 'टीटी' एका श्वासात होतं, आणि दोन घंटा मारायला हात मोकळा राहतो.

तेव्हा हरवलेला_पास, तुमची टीटी टिकली त्याचं श्रेय ट्रामला कमी आणि आमच्या बाबांसारख्यांना जास्त आहे. त्यांनी दिवसातून वीस वेळा ओरडून ती जिवंत ठेवली.

निवृत्त झाल्यावर ते बसने जायचे तेव्हा कुठेही जागा असली तरी दाराजवळ उभे राहायचे. शेवटच्या आजारपणात झोपेत एकदा म्हणाले, "पुढे चला, पुढे जागा आहे." आई शेजारी बसली होती. ती म्हणाली, "हो, चालतोय." बस्स.

---

खिडकीजवळची

ताई...

---

अण्णा_माटुंगा

कंडक्टरची_मुलगी, तुमच्या बाबांच्या गाडीत मी नक्की कधीतरी बसलो असेन. त्यांची कसोटी अगदी पटली. हलत्या गाडीत ओरडता येईल तेच नाव.

---

सांगलीची_सून

आणि टिकटिक केली की हात खिशात जातो हेही अगदी खरं. आता यंत्रातून चिठ्ठी निघते तो आवाज टिकटिकीचा नाही, दुकानातल्या बिलाचा वाटतो.

---

शून्य_शिल्लक

मी वर जे लिहिलं ते मागे घेत नाही, पण हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, पिशव्या घेऊन उभी असायची तेव्हा एक कंडक्टर तिची एक पिशवी आपल्या पायाशी ठेवून घ्यायचा, रोज, न सांगता. हे तिने मला आजवर कधी सांगितलं नव्हतं.

---

डबलडेकर७७

वातावरण हलकं करतो. बसवरचे मराठी आकडे! आमच्या मजल्यावरचे गुजराती काका मराठी अजिबात बोलत नसत, पण देवनागरी आकडे फाडफाड वाचायचे, फक्त बससाठी. त्यांचा एकच घोळ, लांबून १ आणि ९. त्यामुळे ते अधूनमधून भलत्याच बसला हात दाखवायचे. बस थांबली की मोठ्या ऐटीत ड्रायव्हरला "जाव जाव" म्हणायचे, जणू तपासणीसच.

---

फणसगरे

आणि नंबरांचं शास्त्र! २०० चे पश्चिम उपनगरांत, ३०० चे पूर्व उपनगरांत, ४०० चे पूर्व-पश्चिम जोडणारे. लिमिटेडचा आकडा लाल. लहानपणी आम्हाला वाटायचं, लाल आकड्याची बस रागावलेली असते म्हणून सगळीकडे थांबत नाही.

---

उलटी_छत्री

कुणाला ट्रॉलीबस आठवते का? १९६२ ते ७१, गोवालिया टँक ते माझगाव डॉक. वर तारा, खाली टायर. वडील सांगायचे की वळणावर दांडा तारेवरून सुटला की कंडक्टर खाली उतरून दोरीने तो परत बसवायचा आणि आतले लोक खिडकीतून सल्ले द्यायचे.

---

अण्णा_माटुंगा

आठवते. आवाज न करता मागून यायची. आमच्या गल्लीत तिला 'मुकी' म्हणत.

---

मॉडरेटर_नाही

मूळ प्रश्नाकडे या हो कुणीतरी. माझं उत्तर: एल्फिन्स्टन. स्टेशन २०१८ ला प्रभादेवी झालं. पूल मात्र एल्फिन्स्टनच राहिला, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद केला. आता नवीन पूल होईल तेव्हा आम्ही त्याला 'नवीन एल्फिन्स्टन' म्हणणार, हे लिहून ठेवा.

---

काळाचौकीकर

लिहून ठेवलं.

---

हरवलेला_पास

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. बाबांना रात्री सगळे वाचून दाखवले. अण्णांचा दोनदा. ते म्हणाले, शेवटच्या ट्रामच्या रात्री तेही टीटीलाच होते, एकवीस वर्षांचे, पण गर्दीत नाही. गर्दीमुळे त्यांची बस अडकली होती म्हणून आत बसून शिव्या घालत होते. इतिहास घडत होता आणि आमच्या तीर्थरूपांना घरी जायला उशीर होत होता.

मग हट्टच धरला की टीटीला जायचं, तेही बसने. काल रविवार, घेऊन गेलो. बसमध्ये एका मुलाने उठून जागा दिली, ती त्यांनी घेतली आणि त्याला टीटीचा अर्थ सांगितला. त्याने कानातलं बोंड काढून ऐकलं, हे विशेष.

उतरलो. बाबा पुलाखाली उभे राहून बराच वेळ बघत होते. इथून रूळ वळायचे, तिथे ट्राम उभ्या राहायच्या, असं हाताने दाखवत होते. मला तिथे खांब, रिक्षा-टेम्पो नसलेला एक कोपरा आणि नारळपाणीवाला दिसत होता. तेवढ्यात मागून दुसरी बस आली. दारातून एक मुलगी डोकावली, हातात फोन. तिने बाबांना विचारलं, "आजोबा, खोदादाद सर्कल हेच का?"

बाबांनी क्षणाचाही विचार न करता सांगितलं, "नाही गं बाई. हे टीटी. तुझं पुढे असेल."

ती "थँक्यू" म्हणून आत गेली आणि बस सुटली. मी तोंड उघडेपर्यंत ती सिग्नल ओलांडून गेली होती.

---

सांगलीची_सून

अगं बाई! म्हणजे १९९६ ची मीच ती.

---

निवांत_बसलोय

ती मुलगी आज ना उद्या इथे आयडी काढून येणार. काकांना आधीच सांगून ठेवा.